युद्धाच्या दिवसांत टीबीच्या पेशंटचा गट कसा चालवायचा: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

७ मे २०२५ ला भारत-पाकिस्तान तणावामुळे देशभर मॉक ड्रिल झालं, मुंबईतही सायरन वाजले, आणि त्यानंतर गोवंडी-मानखुर्द पट्ट्यात टीबीच्या पेशंटसाठी काम करणाऱ्या आम्हा लोकांना एकच विचारणा सुरू झाली की उद्या खरंच काही झालं तर गोळ्यांचं काय. चार दिवसांत ते वातावरण निवळलं पण प्रश्न काही थांबले नाहीत, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, औषध बदलायचं-थांबवायचं ते डॉक्टरनीच. बाकी गट कसा चालतो आणि कुठे फुटतो ते सांगू शकते.

युद्धाचा आणि टीबीचा संबंध काय? बॉम्बने टीबी होतो का?

बॉम्बने नाही होत, उपाशी राहून आणि कोंडून राहून होतो. टीबीचा जंतू आपल्याकडे कोट्यवधी लोकांच्या अंगात झोपलेला असतो, शरीर धड असतं तोवर तो झोपूनच राहतो. युद्धात आधी ताट हलकं होतं, मग एका खोलीत दहा माणसं येतात, मग दवाखाना बंद पडतो, आणि या तिन्ही गोष्टी जंतूच्या पथ्यावर पडतात. पहिल्या महायुद्धात इंग्लंड-जर्मनीत टीबीचे मृत्यू वाढले, ते समजू शकतं. पण डेन्मार्क बघा, ते युद्धात नव्हतंच, एक गोळी झाडली नाही, तरी तिथे टीबीचे मृत्यू वाढले, कारण भाव चांगला मिळतो म्हणून तिथलं मांस आणि लोणी बाहेर विकलं जात होतं. १९१७ मध्ये समुद्रात पाणबुड्यांची लढाई पेटली, निर्यात अडकली, माल देशातच राहिला, लोकांच्या पोटात गेला, आणि मृत्यू खाली आले. दुसऱ्या महायुद्धातही जर्मन छावण्यांतल्या ज्या कैद्यांना रेडक्रॉसची खाण्याची पार्सलं मिळत होती त्यांच्यात टीबी कमी निघाला आणि शेजारी उपाशी ठेवलेल्या रशियन कैद्यांमध्ये कितीतरी पट जास्त. म्हणून गोळ्यांइतकंच शिध्याबद्दल बोलणार आहे, कंटाळू नका.

गट म्हणजे नक्की काय? छोटा दवाखाना काढायचा का?

अजिबात नाही. डॉक्टर, तपासणी, गोळ्या हे सगळं सरकारी टीबी कार्यक्रमातूनच, फुकट. गट म्हणजे पेशंट, त्यांच्या घरचं एखादं माणूस, बरे झालेले जुने पेशंट, आशाताई, आरोग्यसेविका आणि गल्लीतले दोन-चार खमके लोक यांनी आपसात ठरवून ठेवलेलं की कोणाची गोळी कोणाकडे आहे आणि कोणी कोणाचं दार वाजवायचं. बस.

लोकांना वाटतं युद्धात तरी पेशंटला हॉस्पिटलात टाकलेलं बरं. याचं उत्तर १९५९ मध्येच मिळालंय आणि तेही आपल्याच देशात, मद्रासमध्ये. तिथल्या टीबी केमोथेरपी सेंटरने (इथे केमोथेरपी म्हणजे टीबीची औषधं, कॅन्सरची नाही) गरीब पेशंटचे दोन भाग केले, एक भाग सॅनेटोरियममध्ये चांगलं खाणंपिणं आणि आराम, दुसरा भाग आपापल्या दाटीवाटीच्या घरात तीच औषधं घेऊन. निकाल जवळजवळ सारखा आला, आणि घरच्यांना लागण होण्याचं प्रमाणही घरी ठेवल्यामुळे काही वाढलं नाही. बरंचसं जग त्यानंतर घरच्या उपचाराकडे वळलं. शिवडीचं टीबी हॉस्पिटल ज्यांना खरंच खाट लागते त्यांच्यासाठी मोकळं राहू दे.

युद्धात असं खरंच कोणी चालवलंय का, की नुसतं बोलायला?

चालवलंय. आणि ज्या बाईने चालवलं ती डॉक्टर नव्हती, वकिलीचं शिक्षण झालेली इटालियन बाई होती, अ‍ॅनालेना टोनेली. १९६९ मध्ये केनियाला गेली, वजीर नावाच्या वाळवंटी गावात शिकवायला. तिथले सोमाली लोक उंट-शेळ्या घेऊन फिरणारे, औषध सुरू करायचे आणि दोन महिन्यांत बरं वाटलं की निघून जायचे. १९७६ मध्ये तिच्याकडे या फिरत्या लोकांच्या टीबीचा पथदर्शी प्रकल्प आला. तिने काय केलं तर त्यांनाच सांगितलं, तुमच्या झोपड्या घेऊन इथे आमच्या अंगणासमोर येऊन राहा, उपचाराचे सहा महिने. लोक आले, मन्याट्टा म्हणतात तशी झोपड्यांची वस्तीच झाली टीबीवाल्यांची, गोळी रोज डोळ्यांसमोर. नंतर जगभर डॉट्स म्हणून जे गाजलं त्याच्या कितीतरी आधी.

तो भाग काही शांत नव्हता. १९८४ मध्ये वगाला इथे लष्कराने सोमाली लोकांची कत्तल केली, टोनेलीने जखमींना मदत केली आणि बाहेरच्या जगाला कळवलं, तर तिलाच देश सोडायला लावला. मग ती सोमालियात गेली, यादवी युद्ध चालू असताना मोगादिशू, मेर्का, शेवटी १९९६ पासून बोरामात टीबी हॉस्पिटल. मार खाल्ला, अपहरण झालं. मेर्कात तिच्या जागी आलेल्या इटालियन डॉक्टर ग्राझिएला फुमागाल्ली यांना १९९५ मध्ये तिथेच गोळ्या घातल्या. आणि २००३ च्या ऑक्टोबरमध्ये बोरामात हॉस्पिटलच्या आवारातच टोनेलीला मारलं. त्याच वर्षी तिला निर्वासितांसाठीचा नानसेन पुरस्कार मिळाला होता.

मला यात घेण्यासारखी वाटते ती तिची अंगण देण्याची युक्ती. पेशंट पळतो कारण त्याचं पोट, त्याची माणसं, त्याचं जनावर दुसरीकडे असतं, तर ते सगळं घेऊनच ये म्हणाली. आपल्याकडे उंट नाहीत, पण नाका कामगार आहे, जरीकामवाला आहे, ज्याला दुपारी दवाखान्याच्या लाइनीत उभं राहिलं की दिवसाची मजुरी जाते. गोळी त्याच्या वेळेला आणि त्याच्या वाटेवर हवी.

इंग्लंडमधलं पॅपवर्थही सांगतात लोक, डॉक्टर व्हॅरियर-जोन्सने पहिल्या महायुद्धातच सुरू केलेलं टीबीवाल्यांचं गाव, सुतारकाम-छपाई करून पेशंट कमवायचे आणि कुटुंबासकट राहायचे. छान होतं, पण तेव्हा औषधच नव्हतं म्हणून गाव लागलं. आज सहा महिन्यांसाठी गाव वसवायची गरज नाही.

आणि हल्लीचं? युक्रेनमध्ये काय केलं?

युक्रेनमध्ये औषधांना दाद न देणारा टीबी आधीपासूनच खूप, जगातल्या अशा सर्वाधिक ओझ्याच्या ३० देशांत त्यांचं नाव आहे. २४ फेब्रुवारी २०२२ ला मोठा हल्ला झाला तेव्हा पेशंटच्या हातात आगाऊ, किमान महिनाभराच्या गोळ्या देऊन टाकल्या, फोनवर आणि व्हिडिओवर गोळी घेतल्याची खात्री करत राहिले, आणि माणूस दुसऱ्या शहरात किंवा देशाबाहेर गेला तरी त्याला तिथल्या डॉक्टरशी जोडून द्यायचा प्रयत्न केला. हे जमलं कारण युद्धाच्या आधीच त्यांनी हॉस्पिटलात महिनोन् महिने डांबून ठेवायची जुनी पद्धत सोडायला घेतली होती. सायरन वाजल्यावर पद्धत बदलायला कोणाला सुचत नाही, जी सवय आधीची असते तीच चालते.

गटात किती जण हवेत?

आकड्याला महत्त्व नाही. प्रत्येक पेशंटमागे दोन माणसं हवीत, आणि ती दोन्ही एकाच घरातली नकोत. एक जवळचं, रोज दिसणारं, दुसरं वेगळ्या गल्लीतलं किंवा वेगळ्या मजल्यावरचं. कारण युद्धात पहिलं माणूस कुठे अडकेल सांगता येत नाही, लोकल बंद पडली तर ठाण्याला कामाला गेलेला नवरा चालत येईपर्यंत रात्र होते. दुसऱ्या माणसाला पिशवी कुठे ठेवलीय ते दाखवून ठेवायचं. सांगून नाही, दाखवून.

सगळं मोबाईलवर आहे, वही कशाला?

कारण नेट बंद होतं. युद्धच कशाला, गल्लीत जरा तणाव झाला तरी होतं. निक्षय पोर्टलवर सरकारी नोंद असतेच, ती हवीच, पण गटाकडे एक लांब कागदी वही पाहिजे. आमच्या वहीत एका पेशंटला एक पान, वर नाव आणि निक्षय आयडी, त्याखाली वजन, कुठली औषधं, सुरू केल्याची तारीख, साधा टीबी की एमडीआर (नेहमीच्या औषधांना दाद न देणारा), शुगर आहे का, कुठल्या गोळीचा त्रास झाला होता, दोन माणसांचे नंबर, आणि गावचा पत्ता, तालुक्यासकट. तालुका लिहाच. नुसतं ‘गाव रामपूर’ लिहून ठेवलं तर त्याला नंतर शोधायला निम्मा उत्तर प्रदेश पालथा घालावा लागेल. खाली रोजच्या डोसचे चौकोन, बॉलपेनने टिक. शाईच्या पेनने नाही, पावसाळ्यात पत्र्यातून गळलं की पान निळं होतं.

वही एकाच्याच घरी, कपाटात. ती गल्लीत फिरवायची नाही, कोणाला टीबी आहे हे त्याने सांगितल्याशिवाय दुसऱ्याला कळता कामा नये. आणि पेशंटकडे त्याचं स्वतःचं कार्ड, प्लास्टिकच्या पाऊचमध्ये, रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्सबरोबर.

गोळ्या किती साठवून ठेवायच्या?

केमिस्टकडून ढीग आणून ठेवू नका, त्याने दुसऱ्याला मिळत नाही, आणि मनानेच घेतलेल्या अर्धवट डोसातूनच एमडीआर तयार होतो. टीबी युनिटमध्ये, म्हणजे आपल्या भागातल्या सरकारी टीबी केंद्रात बोला, तणाव दिसत असेल तर आठवड्याऐवजी महिन्याच्या गोळ्या द्या म्हणा, लेखी अर्ज द्या, गटाच्या नावाने दिला तर लवकर ऐकतात. २०२४ च्या सुरुवातीला युद्ध नसतानाही देशात टीबीच्या औषधांची ओढाताण झाली होती, केंद्राने राज्यांना स्थानिक खरेदी करा सांगितलं होतं, तेव्हा ज्यांच्याकडे दहा-पंधरा दिवसांचा शिलकी साठा होता त्यांना धावाधाव कमी झाली.

ठेवायच्या कशा, तर पट्टीतून सोडवायच्या नाहीत. रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला ओल आणि उजेड चालत नाही, डबीत सुट्या ओतून ठेवल्या की मुंबईच्या दमट हवेत वाट लागते. पट्ट्या तशाच चेनवाल्या प्लास्टिक पिशवीत, पिशवी स्टीलच्या डब्यात, डबा पोटमाळ्यावर नको (पत्र्याखाली मे महिन्यात भट्टी असते), खाली भिंतीकडेला सावलीत. आणि प्रत्येकाची एक निघायची पिशवी: सात दिवसांच्या गोळ्या, कार्ड, पाण्याची बाटली, दोन मास्क, चणे-गूळ, झाकणाची थुंकीची डबी. एवढंच. लोक त्यात काढ्याची पाकिटं भरतात, भरू दे, पण गोळ्यांची जागा खाऊ नका.

ब्लॅकआउट झाला तर खिडक्या बंद करायच्या ना?

याच प्रश्नासाठी मी एवढं लिहायला बसले. ज्यांनी १९७१ बघितलंय त्यांना आठवतं, काचांना काळे कागद, गाड्यांच्या दिव्यांना अर्धा काळा रंग, वॉर्डन खालून ओरडायचा लाइट बंद करा म्हणून. आता तसाच ब्लॅकआउट दहा बाय बाराच्या खोलीत करा, एकच खिडकी आणि तिला ताडपत्री, दार लावलेलं, आत सात माणसं आणि त्यातला एक खोकणारा, ज्याचं औषध अजून सुरूच झालं नाही. टीबी हवेतून पसरतो, बारीक थेंब तासन् तास तरंगत राहतात. हवा बदलली नाही तर रात्रभर सगळे तीच हवा ओढणार.

नियम उजेड बाहेर न जाण्याचा असतो, हवेला कोणी बंदी घातलेली नाही. म्हणजे खिडकी झाकायच्या ऐवजी दिवा झाका किंवा सरळ बंद करा. अंधारात बसा आणि खिडकी सताड उघडी ठेवा. दिवा लागणारच असेल, बाळ आहे, म्हातारं माणूस आहे, तर खिडकीबाहेर हातभर अंतरावर काळं कापड झुलतं सोडा, दोन्ही बाजूंनी हवा येते आणि उजेड अडतो. आमच्या एका मावशींनी जुनी छत्री वापरली, खिडकीच्या गजांना बाहेरून बांधून, दिसायला विचित्र पण काम झालं. फक्त हल्ल्याचाच इशारा असेल, काचा फुटायची भीती असेल, तर प्रशासन सांगेल तसं आत थांबा आणि ऑल क्लिअर वाजला की पहिलं काम खिडकी उघडण्याचं.

लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख अशा पुनर्वसन इमारतींमध्ये तर शांततेच्या काळातही खालच्या मजल्यांना ऊन-वारा मिळत नाही, इमारती इतक्या चिकटून बांधल्यात की दिवसा ट्यूबलाइट लावावी लागते, आणि तिथे टीबी जास्त असल्याचं अभ्यासातूनही पुढे आलंय. तिथल्या खालच्या मजल्यावरच्या पेशंटला तणावाच्या दिवसांत वरच्या मजल्यावर किंवा हवेशीर जिन्यात झोपायची सोय करता येते का ते आधीच बघून ठेवा. सोसायटीचा सेक्रेटरी कटकट करेल. करू दे.

शेल्टरमध्ये टीबीच्या पेशंटला घ्यायचं का?

घ्यायचं. हा काय प्रश्न झाला. योग्य औषध सुरू होऊन साधारण दोन आठवडे झाले आणि गोळ्या नियमित असतील तर बहुतेकांपासून लागण होण्याचा धोका खूप उतरतो. खरा धोका त्याच्यापासून असतो जो तीन आठवडे खोकतोय आणि ज्याची अजून तपासणीच झाली नाही, आणि तो तुमच्या शेजारी आरामात बसलेला असतो कारण त्याच्या नावावर कुठलाच शिक्का नाही. म्हणून शेल्टर असो की शाळेचा हॉल, खोकणाऱ्या प्रत्येकाला मास्क आणि दाराजवळची, हवा खेळती असेल ती जागा. कोपरा नको. लहान मुलं, म्हातारी, एचआयव्ही असलेले यांना त्याच्यापासून लांब. आणि सकाळी त्या खोकणाऱ्याला थुंकीच्या तपासणीला पाठवा.

एक गोळी चुकली तर सगळं पहिल्यापासून का?

नाही हो. एखाद्या दिवशी राहिली तर आठवेल तेव्हा त्याच दिवशी घ्या, दुसरा दिवस उजाडला असेल तर त्या दिवसाची नेहमीसारखी घ्या, दोन दिवसांच्या एकदम गिळू नका, लिव्हरची वाट लागते. राहिलेला डोस शेवटी जोडला जातो. साध्या टीबीचे आपल्याकडे ५६ डोस चार औषधांचे आणि मग ११२ डोस तीन औषधांचे, ते पूर्ण व्हायला हवेत, दोन-चार दिवस पुढे गेले तर जग बुडत नाही. पण महिनाभर खंड पडला असेल तर स्वतःच्या मनाने परत सुरू करू नका, थुंकी पुन्हा तपासायची, औषध लागू पडतंय का ते बघायचं, मग डॉक्टर ठरवतील.

पेशंट गावी पळून गेला तर?

जाणारच. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला तेव्हा लोक चालत गेले, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्या वर्षी देशात टीबीच्या नव्या नोंदी २४ लाखांवरून १८ लाखांवर आल्या, टीबी कमी झाला म्हणून नाही, माणसं तपासणीला पोचलीच नाहीत म्हणून. युद्धात यापेक्षा वेगळं काय होणार.

जाऊ नको सांगण्यात वेळ घालवू नका, जाताना काय न्यायचं ते सांगा. महिन्याच्या गोळ्या, कार्ड, निक्षय आयडी. त्या आयडीवर देशात कुठल्याही सरकारी केंद्रात उपचार पुढे सुरू होतात, इथल्या एसटीएसने (टीबी युनिटच्या उपचार पर्यवेक्षकाने) सिस्टिममध्ये ट्रान्सफर करायचं असतं, तेवढं त्यांच्या मागे लागून करून घ्या. पोचल्यावर तिथल्या आशाताईंचा नंबर गटाला कळवायचा. टीबीची सरकारी हेल्पलाइन १८००-११-६६६६, ती कार्डाच्या मागे पेनने लिहून द्या, फोन हरवतो पण कार्ड राहतं.

एमडीआरवाल्यांचं काय? त्यांच्या गोळ्या तर खूप वेगळ्या असतात.

हो, आणि मुंबईत हे प्रमाण कमी नाही. २०११ च्या शेवटी हिंदुजातल्या डॉक्टर झरीर उदवाडियांच्या टीमने जवळपास कुठल्याच औषधाला दाद न देणारे पेशंट समोर आणले तेव्हा केवढी खळबळ झाली होती. तेव्हाचा उपचार दोन-दोन वर्षांचा, महिनोन् महिने इंजेक्शनं, कान जायचे लोकांचे. आता बीपाल्म म्हणजे बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन, सगळ्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या आणि सहा महिने, आपल्याकडे केंद्राने २०२४ मध्ये मंजुरी दिली. युद्धाच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे, इंजेक्शन नाही म्हणजे रोज नर्सची गरज नाही.

पण देखरेख लागते. बेडाक्विलिनने हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो म्हणून ईसीजी, लिनेझोलिडने रक्त कमी होतं, तळपायात मुंग्या येतात, क्वचित नजर जाते म्हणून रक्ततपासणी आणि डोळे. दवाखाना बंद असला तर गटाने निदान विचारत राहायचं: पायात सुया टोचतात का, रंग नीट दिसतो का, चक्कर आली का, छातीत धडधड होते का. हो म्हणाला तर वाट बघू नका, फोनवर का होईना डॉक्टर गाठा. दुसऱ्या कारणासाठी कुठली गोळी देतानाही विचारूनच द्या, काही अँटिबायोटिक आणि उलटीच्या गोळ्या बेडाक्विलिनबरोबर चालत नाहीत.

लाइट नसेल तर तपासणी कशी होणार?

सीबीनॅट या थुंकीतला टीबी शोधणाऱ्या मशीनला वीज लागते. ट्रूनॅट गोव्यात बनलेलं मशीन आहे, बॅटरीवर चालतं, म्हणून आपल्या भागात कुठल्या दवाखान्यात ट्रूनॅट आहे ते आधी विचारून ठेवा. काहीच नसेल तर जुना मायक्रोस्कोप आहेच, तो आरशाने सूर्यप्रकाशावरही चालतो. बेडका सकाळचा, मोकळ्या हवेत काढलेला, घरात नाही. लगेच नेता आला नाही तर थंड आणि सावलीत.

शिध्याचं कसं करायचं?

झारखंडमध्ये एक मोठा अभ्यास झाला, रेशन्स नावाचा, २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. टीबीच्या पेशंटच्या घरातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ जास्तीची दिली, तर त्या घरांमध्ये नवीन टीबी जवळपास ४० टक्क्यांनी कमी झाला. फोटो काढून वाटलेल्या प्रोटीन पावडरच्या डब्याने नाही, डाळ-तांदळाने. हे मी जिथे जाईन तिथे सांगते, कारण देणगीदारांना डबाच द्यायचा असतो, त्यावर नाव छापता येतं.

सरकारकडून निक्षय पोषणचे महिन्याला १,००० रुपये मिळतात (२०१८ मध्ये ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढले), खात्यावर ३,००० चे हप्ते. पण युद्धात भाव चढणार आणि एटीएम रिकामी असणार, तर पैसे हातात असूनही डाळ मिळेल याची खात्री नाही. गटाने कोपऱ्यावरच्या वाण्याशी आधी बोलून ठेवावं, सुकं सामान घ्यावं: तूरडाळ, हरभरे, शेंगदाणे, गूळ, नाचणी, तेल, सुकट. सुकटीला नाक मुरडू नका, स्वस्त आहे, टिकते आणि ताकद देते. गॅस नसेल तर भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, फुटाणे, अंडी मिळाली तर उकडून. शिधा पेशंटच्या हातात दिला तरी तो घरातल्या पोरांच्या ताटात जातो हे धरून चाला, म्हणून द्यायचा तर घरात माणसं किती ते बघून.

घरातल्या लहान मुलांना गोळ्या द्यायच्या का?

टीबी नाही याची खात्री करून प्रतिबंधक उपचार देतात, डॉक्टर ठरवतात. आठवड्यातून एकदा अशा १२ डोसांचा कोर्सही आहे, रोजच्या सहा महिन्यांपेक्षा धावपळीत तो बरा पडतो. विचारा.

बायका गटात बोलत नाहीत, काय करावं?

बायकांची वेगळी वेळ ठेवा, दुपारी, आणि जागा अशी की तिथे जायला दुसरं कारण सांगता येईल, शिवणक्लास, भिशी, काहीही. खूप जणी सासरी सांगत नाहीत, लग्न मोडेल म्हणून, माहेरी पाठवतील म्हणून, आणि गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवून ठेवतात. धावपळीत तो डबा मागे राहतो. अशा प्रत्येकीच्या गोळ्यांचा एक जोड गटातल्या बाईच्या घरी ठेवा.

एक गोष्ट कोणी सांगत नाही: रिफाम्पिसिन चालू असताना पाळणा लांबवायच्या गोळ्या नीट काम करत नाहीत, माला-एन घेत असाल तर दुसरी सोय करा, निरोध किंवा तांबी. आणि लघवी नारिंगी होते ती त्याच गोळीमुळे, रक्त नाही, घाबरू नका. गरोदर असाल तर औषध बंद करू नका, फक्त डॉक्टरना आधी सांगा.

दारू?

गोळ्यांनी लिव्हरवर ताण असतोच. बंद केली तर उत्तम, नाही झाली तरी गोळी बंद करू नका. प्यायलेल्याला गटातून हाकलणारे लोक मला अजिबात पटत नाहीत. डोळे पिवळे, सारखी उलटी, जेवण नको वाटणं असं काही दिसलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर.

वस्तीत संशयाचं वातावरण झालं तर? हा कुठला, तो कुठला असं सुरू होतं.

होतं, आणि तणावात लवकर होतं. घरोघर फिरून नावं-पत्ते विचारणारं माणूस तर पहिलं संशयित. म्हणून गटाच्या लोकांकडे आरोग्य विभागाचं किंवा टीबी युनिटचं पत्र आणि ओळखपत्र हवं, नजिकच्या पोलीस चौकीत आणि मशीद-मंदिर-बुद्धविहारात सगळीकडे आधी जाऊन यायचं, आणि जोडीने फिरायचं, जमलं तर जोडी मिश्र. वही मागितली तर देऊ नका, पत्र दाखवा. आजाराची माहिती कोणाच्याही हातात नाही.

स्वयंसेवकांनी स्वतःला कसं जपायचं?

भेट दारात किंवा गॅलरीत, आत बसून चहा नको, राग आला तरी चालेल. औषध सुरू न झालेल्या खोकणाऱ्याकडे जाताना एन-९५, कापडी मास्क पेशंटला. स्वतःचा एक्सरे काढा, वजन बघत राहा, खोकला लांबला तर दुसऱ्याला जे सांगता ते स्वतः करा. कर्फ्यू असताना गोळी पोचवायला बाहेर पडू नका, त्यासाठीच तर दोनातलं एक माणूस जवळचं, रोज दिसणारं ठेवलंय.

युद्ध थांबलं की गट बंद करायचा का?

तेव्हाच काम वाढतं. जे पळाले ते परततात, अर्धवट गोळ्या घेऊन, कोणी बरं वाटलं म्हणून सोडलेल्या. पहिल्या आठवड्यात वहीतलं एकेक पान घेऊन फोन लावायचे, टिक कुठे थांबलीय ते बघायचं, खंड जास्त त्याला आधी तपासणीला न्यायचं. ज्या ज्या खोलीत गर्दीने लोक राहिले होते तिथल्या सगळ्यांना खोकला, ताप, वजन विचारून यायचं, आणि एकदा विचारून सोडायचं नाही कारण लागण झाल्यावर आजार वर यायला महिने लागतात, बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत. उपचार संपलेल्यांनाही सहा-सहा महिन्यांनी दोन वर्षं बोलवतात, ते लोक स्वतःहून येत नाहीत, बरं वाटत असतं ना. त्यांना त्यांच्या जुन्या सोबत्याकडूनच निरोप पाठवा, दवाखान्याच्या फोनपेक्षा तो लवकर ऐकला जातो.